‘येतो’ म्हणणाऱ्या अकरा बायका

लंडनजवळ स्लाऊच्या ज्या कंपनीत मी नोकरी करायचे तिथे नवीन पदार्थ चाखायला बाहेरची माणसं बोलवायचो आणि प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यायचो. फॉर्मच्या तळाशी ‘आणखी काही सांगायचंय?’ अशी ओळ असे. तिथे बहुतेक जण एकच शब्द लिहीत: लव्हली. माझ्या आधी त्या खुर्चीवर बसणाऱ्या इंग्रज बाईनं जाताना मला एवढंच शिकवलं, की ज्याला सगळे लव्हली म्हणतात तो पदार्थ बाजारात आणायचा नाही. ज्याला पदार्थ खरंच आवडतो तो कुरकुर करतो. मीठ जास्त झालंय, वाटी लहान आहे, असलं काहीतरी लिहितो, कारण त्याला तो पुन्हा खायचा असतो. लव्हली लिहिणाऱ्याचं मन तोवर आपला कोट कुठे टांगलाय तिकडे गेलेलं असतं.

हे ज्ञान माझ्याकडे पंधरा वर्षं होतं. पगारच त्याचा मिळायचा. तरीही मी माझ्या सख्ख्या मावशीला पंचवीस इंग्रजांची वाट बघत बसवलं, ते कसं, ते सांगते.

आमची कंपनी करी शिजवून, गोठवून, पिशव्यांत भरून देशभरातल्या पबांना पुरवायची. पबमधला कुक ती पिशवी गरम पाण्यात टाकायचा आणि वर कोथिंबिरीचं एक पान ठेवून बशी पुढे सरकवायचा. समुद्रकिनाऱ्याच्या नावावर खपणाऱ्या आमच्या पाच करी होत्या. त्यातली माशाची करी माझी. म्हणजे माझ्या मावशीची. म्हणजे मावशीच्या करीतून तिरफळं, काटे, डोकी आणि चव काढून टाकल्यावर जे उरतं ते. पिशवीवर माडाचं झाड छापलेलं असायचं. स्लाऊहून सगळ्यात जवळचा समुद्र गाठायला मोटरवेनं दीड तास लागतो, आणि तिथे माणसं कोट घालून आइस्क्रीम खातात.

मावशीचा समुद्र मात्र खरा होता. ती मूळची गिरगावची. लग्न होऊन सिंधुदुर्गात गेली, गोव्याच्या हद्दीच्या जरा अलीकडे. काका गेल्यावर तिनं घरामागच्या सुरूच्या बनात सहा टेबलं मांडली आणि खानावळ काढली. खाली वाळू, वर झावळ्या, स्वयंपाक चुलीवर. चाळीस वर्षं तिथे राहूनही ती माझ्याशी गिरगावातलंच मराठी बोलायची. मालवणी फक्त मासेवालीशी भांडायला राखून ठेवलेली. गोव्याला चार्टर विमानांनी येणारे इंग्रज भाड्याच्या स्कूटरवर भटकत भटकत तिच्याकडे जेवायला पोचायचे. तिच्या इंग्रजीत शब्द तीन: ‘सिट’, ‘हॉट?’ आणि ‘फिनिश’. तिसरा शब्द ती कमरेवर हात ठेवून म्हणायची, आणि ताट रिकामं होईपर्यंत तिथून हलायची नाही. साठ-सत्तरीचे लालबुंद बाप्ये मुकाट्यानं भात संपवायचे. दुसऱ्या दिवशी तेच परत यायचे, शिवाय आणखी चौघांना घेऊन. त्यांना घरी रागावणारं कुणी उरलं नसावं.

मग मुंबईवर हल्ला झाला आणि त्या हिवाळ्यात इंग्रज यायचे बंद झाले. त्यातच इकडे बँका बुडत होत्या. मावशीच्या गावाहून मुंबई म्हणजे रात्रभराचा प्रवास, पण इकडे पिनरमध्ये, आमच्या घरी बसून ॲटलास उघडला की दोन्ही एका बोटाच्या पेराखाली झाकली जातात. मावशीच्या टेबलांवर कावळे बसायला लागले. आमच्या माशाच्या करीचा खप मात्र वाढला, कारण गोव्याला न गेलेली माणसं पबमध्ये बसून गोवा खात होती. ऑफिसात माझं कौतुक झालं. मी ते मावशीला सांगितलं नाही.

तिचा मुलगा, म्हणजे माझा मावसभाऊ, ठाण्याला अकराव्या मजल्यावर राहतो. वाईट नाही तो. आईची काळजीच वाटते त्याला, पण काळजी करणाऱ्या मुलांना जो एक ताठा येतो तो त्याच्यात पुरेपूर आहे. त्यानं सांगून टाकलं, आता एकच सीझन. नाताळपर्यंत खानावळ चालायला लागली तर ठीक, नाहीतर तो सुट्टीत गाडी घेऊन येणार, कुलूप लावणार आणि आईला कायमची ठाण्याला नेणार.

मावशी पूर्वी एकदा आठ दिवस तिथे राहून आली होती. ‘खिडकीतून काय दिसतं, तर दुसरी खिडकी,’ ती मला सांगायची. ‘आणि जेवायला माणसं तीन. त्यातलं एक डाएटवर. तीन माणसांचा कसला आलाय स्वयंपाक? तो चहा झाला.’ हे ती नेहमी हसून सांगायची. हल्ल्यानंतरच्या पावसाळ्यात फोनवर मात्र हसली नाही. ‘मी तिथे मरेन गं,’ म्हणाली, ‘आणि लिफ्टमधून मला उभी करून खाली आणतील.’

मग तीच म्हणाली, ‘तुझ्याकडे रस्त्यावर गोरेच गोरे ना? मग पाठव की थोडे.’

‘बघू,’ मी म्हणाले.

मी स्वतः सात वर्षांत तिच्याकडे गेले नव्हते. मुलीची शाळा, किचनचं एक्स्टेन्शन, नवऱ्याच्या परीक्षा, दर वर्षी काहीतरी निघायचंच. मधल्या काळात दोनदा आम्ही टेनेरीफला, त्या स्पॅनिश बेटावर, जाऊन आलो, पण ते जवळ आहे.

आमच्या शेजारी भूगोलाचे एक निवृत्त मास्तर राहत. बायको जाऊन चार वर्षं झालेली. ते रिटायर्ड माणसांचा चालण्याचा क्लब चालवत. रविवारी एका पबपासून दुसऱ्या पबपर्यंत चालायचं, याला ते एक्सरसाइज म्हणत. दर हिवाळ्यात ही सगळी मंडळी ऊन खायला कुठेतरी जात, आणि कुठेतरी म्हणजे टेनेरीफच. क्लबात एकूण चौदा जण. तीन पुरुष, अकरा बायका. बायकांपैकी आठ जणींचे नवरे वारले होते, दोघींनी आपापले जिवंतपणीच सोडून दिले होते आणि एकीनं तो घाटच घातला नव्हता.

मी मास्तरांना म्हणाले, तुमच्या क्लबला मी माझ्या मावशीच्या पद्धतीचं जेवण घालते, आवडलं तर यंदा टेनेरीफऐवजी तिच्याकडे जा. मास्तर म्हणाले, ‘व्हॉट अ लव्हली आयडिया.’ तिथेच मी थांबायला हवं होतं.

सप्टेंबरातल्या एका शनिवारी दुपारी चर्चचा हॉल मिळवला. साउथहॉलच्या देशी बाजारातून सुरमई आणि बांगडे आणले. कोंबडी-वडे केले, घावन केले, आईनं धाडलेली जपून ठेवलेली आमसुलं काढून सोलकढी केली. सोलकढीचा रंग पाहून एका बाईंनी स्ट्रॉबेरी मिल्कशेक का, म्हणून विचारलं आणि मी उत्तर देण्याआधी मोठा घोट घेतला. चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे एक गृहस्थ होते, त्यांनी बाजूला काढून ठेवायची तिरफळं वाटाणे समजून चावली. त्यांची जीभ इतकी बधिर झाली की पुढची दहा मिनिटं ते अगदी प्रेमळपणे सगळ्यांकडे नुसते बघत बसले. बाकी जेवण उत्तम झालं. निदान मला तसं वाटलं, कारण सगळे सारखे लव्हली, लव्हली म्हणत होते आणि मी त्या दिवशी नोकरीवर नव्हते.

माझी मुलगी तेव्हा चौदाची. तिचं मराठी ‘जेव’, ‘झोप’ आणि ‘फोन ठेव’ एवढ्यात पक्कं होतं. पुल्लिंग-स्त्रीलिंगाशी तिनं कधी ओळखच करून घेतली नव्हती. ‘माझा आजी’ आणि ‘तो खुर्ची’ याला आम्हीही सरावलो होतो. माझं आवरून होईपर्यंत पाहुण्यांना धरून ठेवायचं काम तिच्याकडे होतं, म्हणून तिनं त्यांना आमची एक रीत शिकवायला घेतली. मी आत चर्चच्या ओव्हनमधून बांगड्यांचा वास घालवायच्या खटपटीत होते, तेव्हा तिचा आवाज येत होता.

‘इन मराठी यू नेव्हर से आय ॲम गोइंग. दॅट्स फॉर डेड पीपल. यू ऑलवेज से, आय ॲम कमिंग. यू से, येतो.’

‘येतो,’ अकरा बायका आणि तीन पुरुष एका सुरात म्हणाले. ऑर्गनवाल्यांचं जरा बोबडं आलं.

मग तिला वाटलं, हे मावशीआजीला ऐकवावं. तिनं फोनकार्डावरून मावशीला फोन लावला, तिकडे नुकतीच दिवेलागण झाली होती. फोन स्पीकरवर टाकून ती दारात उभी राहिली आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडापुढे तिनं तो धरला. चौदाच्या चौदा जण फोनमध्ये ‘येतो!’ असं ओरडून, छत्र्या उचलून आपापल्या घरी गेले. मला ते फार गोड वाटलं. मी ओला हात हलवून सगळ्यांना निरोपही दिला.

सवयीनं मी फॉर्म वाटले होतेच. घरी येऊन वाचले. तेरांवर लव्हली. चौदावा क्लबातल्या सगळ्यात उंच बाईचा होता. पूर्वी त्या पोस्टात कामाला होत्या, नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. त्यांनी लिहिलं होतं: ‘माशात काटा होता. रस्सा कमी पडला. भात चमच्यानं का दिलात?’ मला राग आला. मेलीनं दोनदा वाढून घेतलं होतं. फॉर्म मी ड्रॉवरमध्ये कोंबले आणि समजून चुकले की यातलं कुणी मावशीकडे जाणार नाही. मावशीला तसं कळवायचं होतं, पण आज नको, उद्या कळवू, असं करता करता तीन आठवडे गेले. मग तिचाच फोन आला.

‘संडास झाला,’ ती म्हणाली.

‘कुणाला?’ मी घाबरून विचारलं.

‘झाला म्हणजे बांधून झाला. इंग्लिश. दोन बांधले. पंचवीस माणसांना एक कसा पुरेल?’

‘कुठली पंचवीस माणसं?’

‘अगं, तुझी! स्वतःच्या तोंडानं सांगितलं ना त्यांनी मला, येतो म्हणून.’

‘मावशी, चौदाच होते ते.’

‘मी बोटांवर मोजली की. तीन बाप्ये म्हणाले येतो, ते तीन. अकरा बायका म्हणाल्या येतो. बाई एकटी येणार असती तर येते म्हणाली असती. येतो म्हणाली, म्हणजे आम्ही येतो. नवऱ्यासकट. अकरा दुणे बावीस आणि तीन, पंचवीस. मला काय गणित येत नाही?’

गणितात तिची चूक नव्हती आणि व्याकरणात तर नव्हतीच. मराठी बाई ‘येतो’ म्हणाली की तिच्याबरोबर आणखी कुणीतरी असतंच. माझ्या मुलीनं एक स्त्रीलिंग गिळलं आणि मावशीच्या खानावळीत अकरा मेलेले, सोडलेले आणि कधी नव्हतेच असे नवरे जेवायला बसले.

‘ठाण्याला कळवून टाकलंय मी,’ मावशी सांगत होती. ‘म्हटलं, गाडी आणणारच असशील तर रिकामी आण, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला लागेल. मागची पडवी शाकारून घेतली. भाकऱ्या थापायला गावातल्या दोघींना सांगून ठेवलंय. तू फक्त तारीख कळव हो.’

त्या क्षणी खरं सांगायला हवं होतं. एक वाक्याचं काम होतं. पण तिचा आवाज वर्षभरात मी असा ऐकला नव्हता, आणि मी भित्री आहे. ‘बघू,’ मी म्हणाले. फोन ठेवल्यावर ध्यानात आलं की इंग्रजांना मी उगाच नावं ठेवते. त्यांचं लव्हली असतं तसं आपलं बघू असतं.

मुलीला सांगितलं तर ती रडकुंडीला आली. ‘बट आई, दे वेअर जस्ट सेइंग गुडबाय! मी काय चुकला?’

‘बायकांना येते शिकवायचं होतंस.’

‘देअर्स अ डिफरन्स?’

दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. डोळ्यांपुढे ते दोन संडास यायचे. तिसऱ्या दिवशी ऑफिसातून आल्यावर तशीच मास्तरांकडे गेले. ते बागेत पानं गोळा करत होते. टेनेरीफचं बुकिंग जुलैतच झालं होतं, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं, आणि सांगताना त्यांची मान खाली होती. चर्चच्या हॉलमध्ये माझा उत्साह पाहून त्यांच्या तोंडून ते निघालंच नव्हतं.

मी सगळी हकिगत सांगितली. ते ऐकून घेत होते. मग त्यांनी हातातलं दाताळं भिंतीला टेकवलं.

‘फोनवर मी नक्की काय म्हणालो?’

‘आय ॲम कमिंग, असं म्हणालात.’

‘आणि त्या बाईंनी ते खरं धरलं?’

‘त्यांनी संडास बांधला.’

मास्तरांनी हातमोजे काढले. मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं मी मुलांना सांगत आलो की नकाशावर जे गाव दिसतं तिथे खरोखरची माणसं राहतात.’ आणि आत जाऊन त्यांनी क्लबातल्या सगळ्यांना फोन लावायला घेतले.

चौदापैकी नऊ जणांनी आधी खूप वाईट वाटल्याचं सांगितलं आणि मग टेनेरीफला गेले. एका बाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. चार उरले. स्वतः मास्तर आणि तिघी बायका. ऑर्गनवाल्यांची यायची फार इच्छा होती, पण तिरफळाची धास्ती होती. या तिघींमध्ये सगळ्यात आधी हो म्हणाली ती पोस्टातली उंच बाई, जिनं काट्याची तक्रार केली होती. माझं पंधरा वर्षांचं ज्ञान माझ्याच ड्रॉवरमध्ये पडलेलं होतं आणि मला ते वाचता आलं नव्हतं.

मावशीला फोन केला. म्हटलं, ‘मावशी, सगळ्यांना नाही जमत गं. चार जण येतायत. एक पुरुष आणि तीन बायका.’

पलीकडे ती पुटपुटत बोटांवर मोजत होती. मग ती म्हणाली, ‘म्हणजे सात.’

पंचवीसांवरून सातांवर आणलं होतं तिला. आणखी तीन काढून घ्यायची हिंमत झाली नाही.

‘सात तर सात,’ मावशी म्हणाली. ‘बाकीचे पुढच्या खेपेला येतील.’

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात ते चौघं गेले. एका आठवड्यासाठी गेलेले तीन आठवडे राहिले. नाताळ तोंडावर आला तेव्हा पोस्टातली बाई माझ्या किचनमध्ये येऊन बसली. नाकाची सालं निघालेली, हातावर डासांचे फोड, आणि चहा हातात घेण्याआधी तिनं सांगून टाकलं की माझ्या सुरमईत आणि माझ्या मावशीच्या सुरमईत काही म्हणजे काही संबंध नाही. मी तिला बिस्किटं दिली. मग तिनं पहिल्या दिवशीचं सांगितलं. ते तिच्याच शब्दांत मला आठवतंय, पण ती सावकाश बोलणारी होती, म्हणून थोडक्यात सांगते.

ते चौघं दुपारी पोचले तर मांडवात सात ताटं मांडलेली. मास्तरांपुढे एक, आणि तिघी बायकांसाठी दोन-दोन. मावशीनं ‘सिट’ म्हटलं. ते बसले. मावशी वाढेना. रस्त्याकडे बघत उभी राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली, रस्सा निवत चालला. शेवटी पोस्टातल्या बाईनं आपल्या शेजारच्या रिकाम्या ताटाकडे बोट दाखवून खांदे उडवले. मावशीनं आपल्या गळ्याला हात लावून, मंगळसूत्र असतं तिथे, तुझा नवरा कुठाय, असं विचारलं. त्या इंग्रज बाईला खुणेतलं काही कळायचं कारण नव्हतं, पण दोन वर्षं लोकांनी तिला तोच प्रश्न वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारला होता, त्यामुळे तो तिला ओळखता आला. तिनं वर आभाळाकडे बोट दाखवलं. मावशीनं दुसऱ्या बाईकडे पाहिलं. तिनंही वर बोट दाखवलं. मास्तरांनी कुणी न विचारता दाखवलं. तिसरी बाई ती लग्न न केलेली. तिला काय दाखवावं कळेना, म्हणून तिनंही वरच दाखवलं.

‘देन शी पॉइंटेड अप टू,’ पोस्टातली बाई म्हणाली. ‘युअर आँटी. शी पॉइंटेड ॲट हर ओन सेल्फ, अँड देन अप.’

आणि मग माझी मावशी, जी काका असतानाही सगळ्यांची जेवणं झाल्याशिवाय कधी बसली नाही, ती त्या बाईच्या शेजारच्या ताटावर बसली. भाकऱ्या थापणाऱ्या दोघींना हाका मारून तिनं उरलेल्या दोन ताटांवर बसवलं. सातही ताटं भरली. मधेच पोस्टातल्या बाईनं मावशीच्या ताटातल्या भाताकडे बघून कमरेवर हात ठेवले आणि म्हटलं, ‘फिनिश.’ मावशी इतकी हसली म्हणे, की तिला ठसका लागला.

हे सांगताना बाईचे डोळे भरून आले आणि ऐकताना माझेही. दोघींनी मग बिस्किटं किती कोरडी आहेत त्याबद्दल बोलून घेतलं.

चार माणसांनी खानावळ चालत नाही, हे मलाही कळतं. पण तीन आठवडे मांडवात गोरी माणसं दिसत राहिली, त्यामुळे गोव्याहून वाट चुकून आलेले स्कूटरवाले थांबायला लागले. मास्तरांनी गावाचा सुबक नकाशा काढला, हद्दीपलीकडच्या दोन-तीन गेस्ट हाउसांत नेऊन लावला, आणि त्यावर बाणानं मावशीचं घर आणि संडास दोन्ही दाखवले. इंग्लिश संडास आहेत म्हटल्यावर कोल्हापूर-बेळगावची कुटुंबंही रविवारी येऊ लागली. खरी टेबलं भरली ती त्यांनीच. ते येतो म्हणत नाहीत, दहा जण थेट येऊनच उभे राहतात.

नाताळच्या सुट्टीत मावसभाऊ गाडी घेऊन पोचला तो ऐन जेवणाच्या वेळी. आईनं त्याला पाहिलं आणि म्हणाली, ‘जागा नाही. थांब जरा.’ पाऊण तास तो सुरूच्या झाडाखाली उभा होता. मग कुणीतरी त्याच्या हातात कांदे आणि विळी दिली. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं, चिडून. पण शेवटी विचारत होता, मागच्या पडवीत अजून चार टेबलं बसतील का गं.

पोस्टातल्या बाईनं निघताना माझ्या दारात छत्री उघडली आणि वळून म्हणाली, ‘येते.’ मी चमकले. मावशीनं तिला पहिल्याच आठवड्यात सुधारलं होतं. बाई असून येतो काय म्हणतेस, म्हणून. पुढच्या नोव्हेंबरचं तिकीट तिनं आधीच काढलं होतं, तिघींचं मिळून, आणि मास्तरांचं वेगळं.

मावसभावाचा तो फोन आला त्या दिवशी मी फार खुशीत होते. दुपारीच मावशीला फोन लावला. मागे ताटांचा खडखडाट चालला होता, कुणीतरी सोलकढी मागत होतं. मावशी धापा टाकत बोलत होती. ‘ठाणेकर म्हणाला, मग आता कधी येतेस तिकडे? मी म्हटलं, बघू.’ आणि आम्ही दोघी खूप हसलो, कारण त्या शब्दाचा अर्थ आम्हां दोघींनाही पक्का ठाऊक होता.

हसता हसता मी म्हणाले, ‘मावशी, आता पुढच्या वर्षी मीसुद्धा येते.’

ती हसायची थांबली.

‘तू नको म्हणूस तो शब्द,’ ती म्हणाली.

‘का गं?’

‘सात वर्षांपूर्वी जीपमध्ये बसताना म्हणालीस. मग दर नाताळात फोनवर म्हणतेस.’ ती रागावली नव्हती. कामात असलेलं माणूस बोलतं तसं बोलत होती. ‘आणि तू म्हटलंस की मी ताट मांडते, बाई. आता जागा लागते मला.’

‘बघू’ येत होतं माझ्या तोंडात. ते गिळलं.

‘बरं,’ मी म्हणाले. ‘ठेवते.’